एकतीस फायली आणि अव्वांचा प्लेअर

४ मार्च, बुधवार
सकाळी नळाला पाणी आलं, भरलं. दुपारी दुधनीहून मेहुण्याचा, दिगंबरचा फोन. वि.चं वर्षश्राद्ध २२ ला. मग फोन अव्वांना दिला. माझ्या सासूबाई, वि.ची आई, वय शहाऐंशी. म्हणाल्या, "शाळा बंद होत्या तवा विजी घरातनं शिकवायची म्हणं. लेक शिकवताना कशी दिसती, मी बघितलंच न्हाय की." आणतो म्हणालो.
मोबाइलवरचं त्यांना दिसत नाही. दिगंबर दिवसभर दुकानात. टीव्हीला जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर रोज कीर्तन लावतात. रिमोटच्या बटणाला वि.नेच लाल नेलपॉलिश लावून दिलं होतं. पेन ड्राइव्हची सोय नाही. म्हणजे डिस्क.

५ मार्च
संगणकावर वि.चं फोल्डर, 'पाचवी गणित'. ३१ फायली, एकूण २६.१ जीबी. उघडल्या नाहीत. वर्षभरात एकही उघडलेली नाही. आकडा बाहेरूनच दिसतो, तेवढा पुरे.
नवी पेठेत गेलो. डिस्कच्या डबीवर ४.७ जीबी. २६.१ ÷ ४.७ = ५.५५. सहा घेतल्या. दुकानदार म्हणाला, "आता डिस्क कोण घेतंय काका? थांबा, धूळ पुसून देतो."

६ मार्च
रिकामी डिस्क संगणकात घातली तर ४.३७ च दाखवते. दुकानात फोन. "कंपनी हजारानं मोजती, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. फसवलं न्हाई कुणी."
२६.१ ÷ ४.३७ = ५.९७. तरी सहाच. पण फाईल तोडून अर्धी या डिस्कवर, अर्धी त्या डिस्कवर असं करता येत नाही. कागदावर आकडे लावून बघितले. नोकरीत असताना परीक्षा मंडळाच्या ऑफिसात पेपर तपासनिसांचे गठ्ठे लावायचो तसं. शेवटी एक बाहेर राहिली. 'परिमिती २', ०.९ जीबी. कोणती वगळावी हे न बघता ठरवणं बरोबर नाही. पण तीच ठेवली बाहेर.

८ मार्च, रविवार
दुधनी. अव्वा जरीची साडी नेसून टीव्हीसमोर बसल्या होत्या. लाल बटण त्यांनीच दाबलं. निळा पडदा. पुन्हा दाबलं. सहाही डिस्क घालून झाल्या. दिगंबर म्हणाला, "दाजी, कोऱ्याच आणल्या का काय?" त्याची बायको हसली, मग आत गेली. कीर्तनाची डिस्क घातली तर लगेच लागली. म्हणजे प्लेअर चांगला आहे.
अव्वा म्हणाल्या, "आसू द्या. जेवून जावा." जेवायला त्या बसल्या नाहीत.

१० मार्च
पुन्हा नवी पेठ. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही नुसत्या फायली भरल्या. जुन्या प्लेअरला सिनेमासारखी डिस्क बनवायला लागती. तितं जीबी विसरा, मिनिटं बोला. एका डिस्कवर दोन तास. सगळं मिळून किती मिनिटं हाय?"
माहीत नाही म्हणालो.
"घरच्यांचं हाय म्हणता की! आन् किती वेळाचं ते म्हाईत न्हाई?"
सहाही डिस्क पिशवीत परत भरल्या.
मिनिटं आणून द्या, बनवून देतो म्हणाला. सहा डिस्क वाया.

११ मार्च
फायलींच्या यादीत वेळेचा रकाना रिकामा आहे. एकेक उघडूनच बघावी लागेल. फोल्डर उघडलं, बंद केलं. कीबोर्ड पुसला. भाजी आणली, गवार.

१३ मार्च
दिगंबरचा फोन. २२ चा स्वयंपाक कुणाला सांगायचा वगैरे. मागून अव्वांचा आवाज, "त्येंना इचार की, विजीचं कवा आणतायत."
उद्या करतो म्हणालो.

१४ मार्च, शनिवार
सकाळी अकराला बसलो. पहिली फाईल, 'भागाकार १', १.३ जीबी. लावली.
स्वयंपाकघराची भिंत, तिच्यावर फळा. वि., निळी साडी, हातात लाटणं, फळ्यावर दाखवायला. "चाळीस कडक भाकरी. एका डब्यात बारा मावतात. डबे किती? तीन म्हणालात ना? मग उरलेल्या चार कुठे ठेवू, डोक्यावर?" मग एकदम बाजूला बघून, "अहो, पंखा बंद करा, आवाज येतोय." आणि माझा आवाज, "केला." मी तिथे होतो हे विसरलो होतो.
पूर्ण बघितली. १४ मि.
मग त्रैराशिक मांडलं. १.३ जीबीला १४ मि., तर २६.१ ला २८१. दोन तासांची एक, म्हणजे तीन डिस्क. 'परिमिती २' सुद्धा बसते. दुकानदाराला एवढं पुरेल. बाकीच्या तीस उघडायची गरज नाही.
ऊन वाढलं होतं. चहा केला, एक कप. येऊन बसलो. पंखा बंद केला. दुसरी लावली.