भट्टी विझली त्या दुपारी

९ फेब्रुवारी
गेटवरच अडवलं! "सरकारकडून आलीस की मालकाकडून?" — दारिका एजे. काचेच्या भट्टीवरची सगळ्यांत जुनी बाई, कामगारांची पुढारी तीच; सगळे तिला एजे म्हणतात, थोरली ताई. म्हटलं, सरकारकडून, तंटा मिटवायला आलेय. "मग आधी चहा घे. आमच्याशी भांडायचं तर अंगात जीव हवा!" हातात गरम बोर्सोक, तळलेले पावाचे तुकडे, कोंबले. सगळे हसले. मीही.

मालकाला कारखाना बंद करायचाय. कामगार भट्टीपाशीच मुक्काम ठोकून आहेत, आळीपाळीनं ती पेटती ठेवतात. विझली तर आतली काच दगडासारखी गोठते, भट्टीला तडे जातात. मग असला कारखाना कोण घेणार? पेटती आहे तोवर आशा.

११ फेब्रुवारी
मालकाचा माणूस एल्दियार आज चक्क मऊ! नवा मालक शोधतो, तोवर काम चालू. फक्त सगळ्या कामगारांनी नगरभवनात यावं आणि हात वर करून होकार द्यावा. आमचे साहेब कुबात खूश; मोठ्या भावासारखं 'बायके' म्हणतो आम्ही त्यांना. "मीरगुल, तुझं ऐकतील ते. तू आण त्यांना."

एजे तयारच होईना. "भट्टी सोडून?" म्हटलं, दोघं राहू देत तिथं. मग म्हणाली, "तुझ्या शब्दावर येतो, पोरी."

१२ फेब्रुवारी
उद्या सगळे येणार! किती दिवसांनी पोटभर जेवले.

१३ फेब्रुवारी
नगरभवन भरलेलं.

एल्दियार बोलत होता. गोड, लांबलचक. खिडकीपाशी बसलेली एक बाई एकदम उठली — "धूर कुठंय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बर्फापलीकडे कारखान्याची चिमणी. नुसती. वर काही नाही.

एजे धावली. कोट न घालता, त्या थंडीत! मागोमाग सगळे, मीही. गेटला साखळी, आत अनोळखी पहारेकरी. गॅस तोडलेला. मागे राहिलेल्या दोघांना फरफटत बाहेर काढलेलं, एकाच्या ओठातून रक्त. एजे गेटचे गज धरून उभी. मी जवळ गेले. "एजे, मला माहीत नव्हतं—" ती गज हलवत राहिली.

नगरभवनात परतले. कुबात बायके जागेवरच. पावाला लोणी लावत होते. चिमणीबद्दल एक शब्द विचारला नाही. तेव्हा कळलं. त्यांना माहीत होतं! माझ्याकडून शब्द देववला तेव्हाही माहीत होतं.

"बायके, हे काय केलंत?"

"अगं, तंटा मिटला ना? भट्टीच नाही, तर भांडण कशावरून?"

आणि पावाचा तुकडा माझ्यापुढे केला. मला!

१४ फेब्रुवारी
काच गोठली. गेटबाहेरही तडकण्याचा आवाज येतो म्हणे. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

१६ फेब्रुवारी
बायकेंचा फोन. बढतीसाठी माझं नाव सुचवलंय. नोकरी सोडते म्हणून सांगितलं. ते हसले — "झोप काढ, राग उतरेल."

१७ फेब्रुवारी
दारिका एजे दारात! वाटलं, थोबाडीत देणार. मी तयार होते.

"नोकरी सोडलीस म्हणे. उद्या हमरस्ता अडवतोय. सरकार बोलणी करायला कुणाला तरी धाडेल. त्यांची नस तुला ठाऊक आहे. आमच्या बाजूनं बोलशील?"

हो म्हटलं. पहाटेची वाट बघत कोट घालूनच बसलेय.