बाबांचा अकराचा तास

इरा,
त्या क्लासवाल्यांनी तुझ्या बाबांना मेल्यावरसुद्धा सुट्टी दिली नाही. वारून चार महिने झाले, तरी त्यांचा जुना तास रोज अकराला 'लाइव्ह' म्हणून मोबाइलवर दाखवतात. काल डाळज गावच्या एका पोरीनं खाली तीनदा लिहिलं, "सर, परत सांगा ना." बाबा आपले फळ्याकडं तोंड करून पुढंच चाललेले. शेवटी मीच लिहिलं, "बाळ, सर वारले." तर त्यांनी मलाच तासातून काढून टाकलं.

आज एसटीनं बारामतीला त्यांच्या हापिसात निघालेय. भात कुकरात आहे, वरण गरम करून घे.

पण तूही दार लावून तेच बघत बसतेस. बाहेर आवाज येतो गं. मग बंद करायला लावू का नको? मी तिथं पोचायच्या आत फोन करून सांग.

आई