मागच्या खोलीचा लोड

रत्नागिरी,
२ जुलै २०२४

प्रिय मालिनीवहिनी,

सलिलचा साष्टांग नमस्कार. चिपळुणात योगिनीकडे तुला आराम पडत असेल. इकडे वादळात गेलेली लाईट एकदाची आली. उर्वी तुझी चौकशी करते. "बरी आहे काकी," एवढं सांगून मी उठून जातो.

सोलरवाल्या रूपेशला बॅटऱ्यांचा हिशेब पुन्हा करायला बोलावलं होतं. पहिल्यांदा तो आला तेव्हा चहा तूच आणला होतास. तो म्हणत होता, "पावसात दोन दिवस ऊन नाही असं धरू. बॅटरी पार रिकामी करायची नाही, निम्मी राखायची. एवढ्या लोडला लागतील तेवढ्या बॅटऱ्या जिन्याखाली मावायच्या नाहीत. काहीतरी कमी करा."

मी म्हटलं, "मागची खोली सोडा. तिकडे काय, एक दिवा नि पंखा."

तुझ्या दम्याच्या वाफेच्या मशीनचं नावही मी घेतलं नाही. आमरसाचा फ्रीजर मात्र सोडवेना. तू कप ठेवलेस आणि हसून म्हणालीस, "सोड रे, मी काय काळोखाला भितेय?"

वादळात सगळ्या वाडीत काळोख आणि आपल्याकडे टीव्ही चालू. शेजारी मोबाईल चार्ज करायला जमलेले, नि मी त्यांना माझी हुशारी ऐकवत होतो. चार माणसांत मशीन घेऊन तू पुढे आली नाहीस. उर्वी मागे गेली म्हणून कळलं. तू खिडकीचे गज धरून श्वास ओढत होतीस.

हे सगळं तुला ठाऊक आहे. लिहायचंय ते पुढचं. दवाखान्यात योगिनीने विचारलं, "काका, घरात सोलर असून आईचं मशीन बंद कसं?" मी म्हटलं, "वादळात तिच्या खोलीची वायर तुटली." तोंडावर मास्क असताना तू माझ्याकडे पाहिलंस आणि हो म्हणून मान हलवलीस.

आज मी योगिनीला फोन केला. वायर तुटली नव्हती, मी ती ओढूच दिली नव्हती, असं सांगितलं. तिने फोन ठेवला.

फ्रीजर काढला. तुझी खोली आहे त्याच बॅटऱ्यांवर आरामात बसली. मशीनला वीज लागते ती किती थोडी! तेव्हाच हे करता आलं असतं.

परत ये, असं लिहायला हात धजत नाही. रविवारी चिपळूणला येतो. योगिनी दारातच जे बोलायचं ते बोलेल. तू मला पाठीशी घालू नकोस.

तुझा अपराधी दीर,
सलिल