चार फुटी गादी

सोमवार, १० मार्च

मागच्या गल्लीतली चिमणी हरवली! खरं नाव वेगळं आहे, पण सगळे तिला चिमणीच म्हणतात. नऊ वर्षांची पोर. आईबाप नाहीत, काकाकडे राहते. काल दुपारी खेळायला म्हणून बाहेर पडली ती परतलीच नाही. आज सकाळी काका कारखान्यात आला. कारखाना म्हणजे काय, माझी गाद्या भरायची खोली. भरून ठेवलेल्या नव्या गादीवर बसून ढसाढसा रडला. मी पाणी दिलं. म्हणाला, "पोलिसांत नको, घराची अब्रू जाईल. तुम्ही सरळ माणूस, चार घरांत तुमची ये-जा. शनिवारच्या आत शोधून द्या. शनिवारी पाहुणे यायचेत."

मी लगेच शब्द दिला.

मेहुणा तिथेच होता. बायकोचा धाकटा भाऊ. पंखे दुरुस्त करतो आणि रहस्यकथा वाचतो – पंखे कमी, कथा जास्त. ताडकन उठला. "दाजी, ही केस आपली!" दुकानातलं भिंग घेऊन आला आणि काकाच्या दारातला एक ठसा बराच वेळ न्याहाळला. ठसा त्याच्याच चपलेचा निघाला.

बायको भांडी घासत होती. म्हणाली, "शोधा की. पण बाहेर शोधा. घरात पसारा नको."

मंगळवार, ११ मार्च

संशयित मिळाला! संगीतमास्तर. रोज दुपारी वाद्याची भली मोठी पेटी पाठीवर घेऊन निघतात आणि जाताना वाकलेले असतात, येताना ताठ. मेहुणा म्हणाला, "दाजी, जाताना पेटीत काहीतरी असतं!" ओळख लपवायला त्याने गळ्याभोवती मफलर गुंडाळला. या उकाड्यात! वाटेत जो भेटेल तो विचारतोय, घसा बसला का रे? एकाने मिठाच्या गुळण्या सांगितल्या, एकाने गप्प बसायला सांगितलं.

वळणावर मास्तरांना गाठलं. मेहुण्याने पेटी उघडायला लावली. आत मळके कपडे. मास्तर रडवेले झाले. "बायकोने माझे कपडे धुवायचं सोडलंय हो. लाँड्रीत नेतो. गल्लीत बोलू नका, हात जोडतो."

फार वाईट वाटलं. संध्याकाळी काका आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो रोज विचारायला येणार आहे. बिचारा.

बुधवार, १२ मार्च

आज शोध नाही, काम निघालं. बायको म्हणाली, एक चार फुटी गादी भरून द्या, मऊ पाहिजे, घाईची आहे. कुणाची? तर म्हणे, "आहे एक गिऱ्हाईक. तुम्ही भरा."

वडिलांनी मला हे काम शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, निजणारा माणूस डोळ्यांपुढे आणल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. आज गिऱ्हाईक काही डोळ्यांपुढे येईना. सारखी चिमणीच येत होती. पोर कुठे उघड्या जमिनीवर निजत असेल! डोळे भरून आले, तसाच भरत राहिलो. कोपऱ्यांना टाके दुप्पट घातले. देवाला म्हटलं, ज्या कुणाचं लेकरू यावर निजेल त्याला शांत झोप दे, आणि आमची चिमणी सापडू दे.

गादी बायको घेऊन गेली. किती छान झालीय, एवढंच म्हणाली. एरवी कधी म्हणत नाही.

गुरुवार, १३ मार्च

दूध पुन्हा संपलं. बायको म्हणते, मांजर. मेहुणा म्हणतो, मांजरावरही नजर ठेवायला हवी.

पण खरी बातमी वेगळीच! बायकोला बसस्टँडवर चिमणीसारखी मुलगी दिसली म्हणे. दोघंही धावलो. दिवसभर स्टँडवर. मेहुण्याने एका पोरीला गोड आवाजात विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" तिच्या आजीने छत्री काढली आणि त्याला झोडपला. मी सोडवायला गेलो तर मलाही दोन बसल्या. आजी ओरडत होती, "पोरं पळवता? वय काय तुमचं!" येताना मेहुणा लंगडत म्हणाला, "तपास म्हटलं की हे चालायचंच, दाजी."

काका आज रडला नाही, चिडला. "शनिवारी ते लोक येऊन थांबणार. मी त्यांना काय दाखवू?"

पाहुण्यांना काय दाखवू? मला बोलणं जरा विचित्र वाटलं. पण दुःखात माणूस काहीही बोलतो.

शुक्रवार, १४ मार्च

दार लावून लिहितोय.

कापूस कमी पडला. बायको बाजारात गेलेली. या खोलीवरचा माळा तिच्या ताब्यात, माझे गुडघे शिडीला घाबरतात. तरी चढलो. पोत्यांच्या मागे चार फुटी गादी. टाके माझे. गादीवर बसून चिमणी दूध पीत होती!

"अय्या, सापडले मी?" म्हणाली. मग म्हणते, "मास्तरांना मात्र तुम्ही उगाच छळलंत." आमच्या सगळ्या बैठका तिने फळ्यांच्या फटीतून ऐकल्या होत्या. मफलरचं आठवून हसली.

बायको आली. मला शिडीवर पाहून पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता जा, सांगा त्याला." काकाने पोरीला परक्या शहरात कुणाच्या तरी घरी राबायला द्यायचं ठरवलंय. ते पाहुणे म्हणजे न्यायला येणारे लोक. पोरीने ऐकलं आणि रविवारी ती सरळ माझ्या बायकोकडे आली. बायकोने पोरीच्या मावशीला फोन केला. मावशी लांब राहते, शनिवारी संध्याकाळी पोचेल.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? कुणी जेवलात का म्हटलं तरी तुम्ही काय काय वाढलं होतं ते सांगता! रोज संध्याकाळी तो येऊन बसतो आणि तुम्ही त्याच्यापुढे सगळं ओतता. आणि माझ्या भावालाही सांगायचं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही."

खरं आहे. जुना कापूस नवा म्हणून मी कधी विकला नाही. खोटं बोलायला गेलो की कान लाल होतात. उद्या तो येणार. काय करू? देवापुढे बसलो.

मी माळ्यावरून उतरताना पोर म्हणाली होती, "गादी मस्त आहे. फक्त कोपऱ्यात टोचते."

शनिवार, १५ मार्च

मेहुण्याला सकाळीच पुन्हा स्टँडवर पाठवला. दुपारी काका आला. सोबत दोन माणसं, दारात गाडी. "लागला काही पत्ता?" तेवढ्यात वर फळी करकरली. तिघांनी माना वर केल्या. मी कानांवर उपरणं घेतलं.

"मांजर आहे," म्हणालो. "दूध चोरतं."

काका त्या दोघांना म्हणाला, "हे म्हणतात म्हणजे मांजरच. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही." गाडी गेली. आवाज पुरता विरल्यावर वरून हळूच म्याव आलं.

देवाची माफी मागायला बसलो होतो. मागितली नाही. पोर गादी बरोबर नेणार म्हणते. मावशी यायच्या आत कोपऱ्यातले जादा टाके काढायचेत.