ठमाबाईंना खाली बसवल्याबद्दल

चि. राजरत्न यास दादाचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे कल्याणला खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या रमाबाईंची कंबर कशी आहे? परभणीच्या उन्हात फिरू नका म्हणावं. (ऐकणार नाहीत, माहीत आहे.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपलं घर दोन खोल्यांचं, आणि तुझी लेक प्रियांका बुद्धपौर्णिमेपासून माझ्याशी बोलत नसली तरी ऐकते सगळं.

झालं असं, की पौर्णिमेच्या कार्यक्रमात प्रियांकाने आपल्या संशोधनावर बोलावं असं विहारात ठरलं. ठरवलं मीच. पोरगी ठाण्याच्या प्रयोगशाळेत फळांवरच्या माश्या पाळते (आपण हाकलतो, ती पाळते) आणि तिचा विषय आहे इन्सुलेटर. विजेचे नव्हेत, डीएनएमधले. रोगाशी लढणारी जनुकं डीएनएवर कधीकधी अगदी शेजारी शेजारी असतात. समजा, एकाने जीवाणू आले की उठायचं, दुसऱ्याने बुरशी आली की. आता एकाला मारलेली हाक शेजारच्यालाही ऐकू गेली तर दोघंही उठणार, आणि विनाकारण जागं राहिलेलं जनुक शरीराला महागात पडतं. म्हणून दोघांच्या मध्ये डीएनएचाच एक तुकडा असतो, तो हाक पलीकडे जाऊ देत नाही. तो इन्सुलेटर. तो कुणाला झोपवत नाही, कुणाला उठवत नाही. ज्याची हाक त्याला, एवढंच बघतो. प्रियांकाने माशीतला तो तुकडा काढून पाहिला, तर एका हाकेला दोन्ही जनुकं उठली. हे सगळं मला तिने रोज जेवताना सांगितलंय, त्यामुळे मला येतं. आणि येतं म्हटल्यावर प्रास्ताविक मी करणं ओघानेच आलं.

नुसतं बोलून लोकांना कळत नाही, हे मी वागळे इस्टेटला सुपरवायझर असताना शिकलेलो. म्हणून प्रात्यक्षिक ठेवलं. तीन खुर्च्या. एका कडेला तुझी वहिनी कांता, दुसऱ्या कडेला शेजारच्या ठमाबाई, मध्ये मी इन्सुलेटर. विहाराचे सेक्रेटरी जगन जीवाणू झाले. (त्यांना कुठलंही पद चालतं.) जीवाणू आला की कांताने उठायचं, ठमाबाईंनी बसून राहायचं. मग बुरशी आल्यावर ठमाबाई उठणार आणि कांता बसणार, पण तो भाग नंतरचा होता. जगन आले, कांता उठली, ठमाबाईही उठल्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही बसा, तुमची वेळ यायचीय. पुन्हा जगन आले, पुन्हा दोघी उठल्या. तिसऱ्यांदा मी ठमाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, अगदी हलकेच, पण तेवढं पुरलं. घरच्या बाईला उभी करता आणि मला बसवता काय, म्हणाल्या. आणि माईक हातात घेऊन सभेला सांगितलं, की आपल्याला खाली बसवून ठेवायचे दिवस कधीच गेले.

टाळ्यांचा कडकडाट झाला रे! मीसुद्धा वाजवल्या, सवयीने. मग मी बुरशीचा भाग समजावून सांगायला लागलो, तर पाठीमागून कुणीतरी विचारलं की बुरशी म्हणजे ठमाबाईंना म्हणताय का. त्यावर त्यांचे जावई उठले, जावयांना बसवायला विहारातला महेंद्र उठला, आणि तेवढ्यात जगननी जीवाणूपण सोडून खीरदान सुरू झाल्याचं जाहीर केलं. सगळा हॉल खिरीकडे गेला. प्रियांका लॅपटॉप उघडून बसलेली, तिच्यासमोर फक्त दोन लहान मुली आणि मी. तिने लॅपटॉप मिटला. मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं, पण चूक ठमाबाईंचीच. पूर्ण ऐकून घेत नाही म्हणजे काय?

आता कॉलनीत अर्धे लोक मला अन्यायी म्हणतात आणि अर्धे येता-जाता विचारतात, साखरेवर ती इन्सुलेटरची गोळी मिळते का. कांता रोज ठमाबाईंकडे चहाला जाते. त्या दोघींचं काहीच बिघडलेलं नाही. पेटलंय ते फक्त माझ्यावर. तब्येतीला जपा.

तुझा दादा,
भगवान

ता. क. प्रियांकाची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती सगळ्यांसाठी खुली असते, वाटसरूही जाऊन बसू शकतो. मला मात्र तिने कांतामार्फत कळवलंय की मोठ्या बाबांनी येऊ नये. ती तुझं ऐकते. तिला सांग, मी परभणीचा माणूस, दादाशिवाय मला ठाण्यात रस्ता सापडणार नाही. इतकी वर्षं तिचा डबा मी भरलाय रे. तिला पहिल्यांदा डॉक्टर म्हणतील ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय. नौपाड्यातून शर्टही आणून ठेवलाय.

ता. क. २. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही, असं माझ्या वतीने तिला वचन दे. परीक्षकांनी पोरीला उगाच छळलं तर मात्र मी बोलणार, पण ते तिला आत्ताच सांगू नकोस.