गॉर्डनच्या छपराखाली नाही

ग्लेस बे, केप ब्रेटन
४ डिसेंबर २०१८

चि. एफीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू न्हाणीघरात दुसऱ्यांदा पडलीस. एक मार्चपर्यंत सोबतीला कोणी आलं नाही तर तुला वृद्धाश्रमात हलवावं लागेल, असं नर्सबाईंनी बजावलं. हे वाचून मी टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. सत्तर वर्षांच्या, डोकं ठिकाणावर असलेल्या बाईला तिच्याच घरातून उचलायचं? मी जिवंत असताना? मुळीच नाही. मी येतोय.

पण कसा येतोय ते ऐक. मी एक जुना ट्रेलर घेतलाय, एकतीस फुटी. आत शेगडी, खाट, संडास, सगळं आहे. पिकअपला जोडून देश ओलांडीन आणि तुझ्या अंगणात उभा करीन. दिवसभर तुझ्याजवळ, झोपायला माझ्या छपराखाली. कारण तुला ठाऊक आहे. तुझा नवरा आमचा संप मोडून खाणीत उतरला त्या दिवशी, भर सभेत, मी शपथ घेतली की या माणसाच्या छपराखाली कधी झोपणार नाही. गॉर्डनला जाऊन चार वर्षं झाली. शपथ कुठे गेलेली नाही.

पाच फेब्रुवारीला निघेन. रोज साडेतीनशे किलोमीटर. आजकाल त्याहून जास्त पाठीला झेपत नाही. तुझ्याकडे नकाशे आहेत, रस्ता आखून दे.

माया आहे तशी ठेव.
तुझा मर्डोदादा


पोर्ट अल्बर्नी
१५ डिसेंबर २०१८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन करू नकोस. तू भाषण करतोस आणि मला नुसतं घोंघावणं ऐकू येतं. पत्रात निदान तू मध्ये श्वास घेतोस.

भिंग घेऊन तीन दिवस नकाशावर बसले. मान धरलीय. सुपिरिअर सरोवराच्या उत्तरेचा रस्ता वाऱ्याने दोन दोन दिवस बंद पडतो, म्हणून तिथे चार दिवस जास्तीचे धर. रस्ता बंद असला की थांबायचं. अडथळा लावणाऱ्या पोलिसाला कामगारांचे हक्क समजावत बसू नकोस. ट्रेलर लावायच्या जागा हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा मोठ्या दुकानांच्या पटांगणात आधी विचारून थांब. ट्रेलरच्या नळांतलं पाणी काढून टाक आणि ते न गोठणारं गुलाबी औषध भर, नाहीतर मॅनिटोबात पोचेपर्यंत नळ फुटतील. प्यायचं पाणी पिकअपमध्ये, तुझ्या शेजारी. डोंगरात चाकांना साखळ्या लागतील. गुडघे टेकून त्या चढवायला जमतील का तुला? खरं सांग. आमच्या बेटावर यायच्या बोटीवर गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी सांगावी लागते. कमी सांगू नकोस, तिथली माणसं टेप घेऊन येतात.

अंगणाबद्दल मागाहून लिहीन. आज थकले.

आईसारखे ओटचे केक करायला गेले, करपले. तसेच खाल्ले.

आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी एफी


ग्लेस बे
८ जानेवारी २०१९

चि. एफीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

साखळ्या जमतात. पहिल्या चाकाला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्याचं विचारू नकोस.

काल ट्रेलर जोडून केली डोंगरापर्यंत जाऊन आलो. उतारावर जेमतेम सत्तरचा वेग असेल, तर मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आधी थोडा, मग असा की आरशात त्याची पूर्ण कूस दिसली. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी ब्रेकला पाय न लावता देवाचं नाव घेतलं. होय, मी. कसाबसा सरळ झाला.

लॉकी बीटन आठवतो? तो आता खडीच्या खाणीवर वजनकाटा सांभाळतो. त्याने ट्रेलर काट्यावर घेतला, मागचं दार उघडलं आणि पोट धरून हसत बसला. मी माझी पुस्तकं, बेचाळीस खोकी, मागच्या बिछान्याच्या जागी रचली होती. तिथे मोकळी जागा होती, दुसरं काय! लॉकी म्हणाला, अरे शहाण्या, ओझ्याचा दहावा हिस्सा तरी पुढे, पिकअपला जोडणाऱ्या आकड्यावर पडायला हवा, तू तर अख्खा इतिहास शेपटीला बांधलास. मग आम्ही खोकी पुढे नेली. तर पिकअपचं नाक वर आलं आणि पुढची चाकं बर्फ धरेनात. लॉकी सांगतो, निम्मी पुस्तकं उतरव. मी म्हणालो, कुठली निम्मी? तर म्हणाला, तू स्वतः वाचलेली ठेव, जागाच जागा होईल.

खोकी उतरवतोय. रोज दोन. हात उचलत नाही.

अंगणाचं लिहिणार होतीस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा मर्डोदादा


पोर्ट अल्बर्नी
१८ जानेवारी २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला टँकर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून आता लपवत नाही.

ट्रेलर अंगणात चालत नाही. नर्स हरलीनने मला डिसेंबरातच सांगितलं होतं. ती म्हणाली, एफीबाई, तुमचे बंधू अंगणात पत्र्याच्या पेटीत दार लावून झोपले आणि तुम्ही आत पडलात, तर त्यांना कळणार कसं? माणूस घरात झोपणारा हवा. मी खूप हुज्जत घातली. तिने माझा हात हातात घेतला, पण कागदावर लिहायचं ते लिहिलंच. हे तुला कळलं तर तू निघणारच नाहीस, या भीतीने मी तुला रस्ता आखून देत बसले. वाटलं, एकदा सहा हजार किलोमीटर आलास की दारातून परत कसा जाशील? माझं चुकलं. त्या उतारावर तुझं काही झालं असतं तर?

पण एक विचारते. गॉर्डन चुकला होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, एकदा नाही, तो जाईपर्यंत तेहतीस वर्षं. शेवटी शेवटी तो नुसती मान हलवायचा. तू बहिष्कार टाकलास त्याच्यावर, पण त्याला त्याचं काय होतं? खाण सोडून इकडे आल्यावर गिरणीत त्याला मित्र होते, मासेमारी होती. तू आला नाहीस ते माझ्या घरी आला नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा तू घरी आला नाहीस, मी बसथांब्यावरच्या हॉटेलात तुला भेटले, आठवतं? सख्खा भाऊ, आणि मधे कॉफीचे पेले. छपराची शिक्षा मीच भोगली, दादा. मी कुठला संप मोडला होता?

यायचं नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही, आता तेवढा दम राहिलेला नाही. वृद्धाश्रमासाठी सामान बांधायला मला दिवस लागतील, म्हणून लवकर लिही.

तुझी एफी


ग्लेस बे
१ फेब्रुवारी २०१९

चि. एफीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्या तिन्हींत मी व्यासपीठावर होतो.

संप खरा होता. फितुरीही खरी. मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही, आणि गॉर्डन समोर असता तर आजही त्याला तेच ऐकवलं असतं. पण मी सभेत जे बोललो ते माणसाला शिक्षा म्हणून बोललो. ती शिक्षा तुला झाली, हे सदतीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माणसांसाठी इतकी वर्षं घसा फोडला आणि घरचंच माणूस दिसलं नाही.

ट्रेलर लॉकीला दिला. पुस्तकं युनियनच्या सभागृहात गेली. तिथे कोणी वाचणार नाही, पण छत गळत नाही. बारा तारखेला बसने ट्रुरोपर्यंत, मग आगगाडी, मग बोट. एकच बॅग आहे. पाठ फार दुखते, तेव्हा मऊ गादी नको. खाट तुझ्या खोलीजवळ लाव. नाही, तू काही हलवू नकोस, मी आल्यावर लावतो. वीस तारखेला दुपारी पोचेन. हरलीनबाईंना कळव की माणूस घरातच झोपेल.

त्या दिवशी दाराला कडी घालू नकोस. वाजवलेलं तुला ऐकू येणार नाही आणि मला अंगणात थांबायचं नाही. मी सरळ आत येईन.

तुझा
मर्डोदादा