वाचल्याची पावती

प्रिय सिक्स्टन,

कागदावरचं पत्र बघून तू चक्रावशील. आपलं टपाल आता किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, हेरिंग माशांच्या डब्यांशेजारी गेलंय. तिथली मुलगी तिकिटं शोधत बसली आणि मागची रांग चुळबुळ करायला लागली. पण माझा नाइलाज होता. तुझ्या नव्या नोकरीच्या पत्त्यावर मी पाठवलेल्या प्रत्येक मेलचं एकच उत्तर आलं: “तुमचा संदेश न वाचता काढून टाकण्यात आला.” हे तू लिहिलेलं नाहीस, यंत्राने लिहिलंय. त्या यंत्राच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही, हे आता सगळ्या कागद कारखान्याला माहीत आहे. तुला मात्र नाही, कारण तू त्याआधीच निघून गेलास.

इथे नदीच्या कडा गोठायला लागल्यात. दुपारी कॉफीला बसलो की बाहेर अंधार. गुरुवारचं वाटाण्याचं सूप अजून तितकंच पातळ असतं आणि आल्गोत अजून तितकाच कुरकुरतो. खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. हा मान आहे की विटाळ, ते मला कळत नाही. पहिल्या आठवड्यांत तरी विटाळच होता. मी दालचिनीच्या पावांचं ताट पुढे सरकवलं, तेव्हा पॅकिंगमधल्या एकीने मला तोंडावर ऐकवलं, “काय बाई आहेस गं तू, गुनवोर! पोटच्या पोरीचा पाय गेला आणि तू त्या सिक्स्टनची वकिली करतेस?” मी म्हटलं, “पोरीचा पाय गेला म्हणूनच करते. खोट्या गुन्हेगारावर भागवून घ्यायला मी काही व्यवस्थापन नाही.” ती उठून गेली. पाव तसेच राहिले.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण तू ते फक्त त्यांच्या तोंडून ऐकलंस. लाकडाचे तुकडे वाहणाऱ्या पट्ट्यावरचं जाळीचं झाकण सैल झालं होतं. दुरुस्तीवाल्या आल्गोतने सकाळी पाळीप्रमुख म्हणून तुला मेल केली: तिथे कुणाला पाय ठेवू देऊ नकोस. वाचल्याची पावतीही मागितली. पावती आली: “सिक्स्टनने तुमचा संदेश वाचला.” आल्गोत निर्धास्त झाला. दुसऱ्या दिवशी कामावर आलेली माझी मारित त्या झाकणावर उभी राहिली.

आणि तू? मेल आली त्या दिवशी तू कारखान्यात नव्हतासच. तुझ्या इल्वाला ताप होता आणि तू वाबच्या रजेवर होतास. आजारी लेकराजवळ बसायला सरकार आपल्याला भत्ता देतं, त्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो. हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही, आपल्या आधीच्यांनी तो भांडून मिळवलाय. जेवणघरातला फलकही माझाच: “वाबच्या दिवशी जो कामाची मेल उघडतो, तो आपल्या लेकराचा वेळ चोरतो.” त्यावर मी टेबलावर चढून भाषण केलं होतं आणि तू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्यास. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

चौकशीत ऑर्व्हारने पावतीचा छापील कागद तुझ्यापुढे सरकवला. हा आपला मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाही, फक्त कागदापलीकडे त्याला काही दिसत नाही. “वाचलंस ना? मग गप्प का बसलास?” एवढंच त्याने विचारलं. तू टेबलाकडे बघत राहिलास. मी तुझ्या शेजारी बसले होते, टेबलाखालून तुझ्या बुटावर पाय मारला, तरी तू मान वर केली नाहीस. मग लेखी ताकीद आली, आणि तू निरोप न घेता उत्तरेच्या त्या बंदरात निघून गेलास.

मी युनियनतर्फे दुसरी चौकशी मागून घेतली. तिथे मी ऑर्व्हारला म्हटलं, तुझी मेलपेटी भिंतीवरच्या पडद्यावर दाखव. सगळ्यांत वर माझी ताजी मेल होती. मी म्हटलं, “माझं राहू दे, खालची कामाची उघड.” त्याने बाण दाबून माझी मेल ओलांडली. माझ्या फोनवर टिंग वाजलं: “ऑर्व्हारने तुमचा संदेश वाचला.” मी विचारलं, “काय लिहिलं होतं मी?” त्याने खांदे उडवले. “लिहिलं होतं, खोलीला आग लागली आहे, सगळ्यांना घेऊन बाहेर पळा. आणि तू कॉफी पितोयस, ऑर्व्हार!” कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं. मी म्हटलं, ज्याला डोळे नाहीत ते यंत्र ‘वाचलं’ अशी साक्ष देतं, आणि ज्यांना डोळे आहेत ती माणसं त्या साक्षीवर एका माणसाचं नाव पुसून टाकतात! कधी मेल न वाचताच ‘वाचलं’ अशी पावती जाते. कधी माणूस मेल न उघडता बाजूच्या चौकटीत ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढून टाकतो, तर ‘न वाचता काढलं’ अशी जाते. आल्गोतने जागेवरून उठून, कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला फोन करून ते झाकण दोरीने बांधून का घेतलं नाही? कारण त्याच्या हातात पावती होती! आपण एकमेकांना सांगणं सोडलं, सिक्स्टन. सांगितल्याचा पुरावा तेवढा गोळा करतो.

ताकीद रद्द झाली. तुझं नाव साफ झालं. हेच कळवायला मी त्या मेल पाठवत होते.

त्या संध्याकाळी मी जिंकून घरी आले. मारित खिडकीपाशी बसली होती. नवा पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. तो ती अजून लावत नाही. मी बूटही न काढता सगळं सांगितलं, आगीची गंमतसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे आई, तू एवढंच सिद्ध केलंस की पावतीवरून काही कळत नाही. मग कशावरून कळेल? त्याने वाचलं होतं का गं?” सिक्स्टन, मी तेव्हा कुठे बूट काढायला खाली बसले. ती पुढे म्हणाली, “कुठे पाऊल टाकायचं आणि कुठे नाही, हे मला त्यानेच शिकवलं. पहिल्या दिवशी माझा हात धरून सगळा कारखाना फिरवला होता. त्याला माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला हवंय. ते कळल्याशिवाय मी उभी राहून जाऊ कुठे?”

त्या प्रश्नासाठी हे पत्र. ऑर्व्हारसाठी नाही, युनियनसाठी नाही. पावती तुझ्या फोनवरून गेली, की तुझ्या बदलीच्या माणसाने तुझी पेटी चाळताना, की स्वयंपाकघरात इल्वाचं बोट पडल्यामुळे, हे मला माहीत नाही. आणि तापलेल्या लेकीच्या उशाशी बसून तू ती मेल खरंच वाचलीस, मग माझा फलक आठवून फोन उलटा ठेवलास, उद्या बघू म्हणालास, असंही असेल. तू टेबलाकडे का बघत होतास, याचं हेच एक कारण मला राहून राहून सुचतं, आणि झोप लागत नाही. तसं असेल तर तसं लिही. नसेल तर तसं. एक ओळ पुरे, पण तुझ्या हाताने, मारितच्या नावाने. पाकिटात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आहे. ते रिकामं परत आलं, तर मात्र मला माझ्या मुलीला सांगावं लागेल की सिक्स्टनने पत्र वाचलं. आणि या वेळी तरी ती पावती खरी असेल.

तुझीच, अजूनही तुझ्याच बाजूने उभी,
गुनवोर